इनामगावची मृण्मूर्ती आणि दफनकुंभ : अर्थनिर्णयाची चिकित्सा

पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया व झेड. डी. अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या जीवनावर त्याने मोलाचा प्रकाश टाकला. तथापि, तेथील मृण्मय वस्तूंचा अर्थ लावताना त्यांच्या सापडण्याच्या जागेपेक्षा उत्तरकालीन परंपरेला अधिक महत्त्व दिले गेले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

इनामगावची सर्वाधिक चर्चिली गेलेली वस्तू म्हणजे शिरविरहित स्त्रीमूर्ती. जोर्वे काळातील एका घराच्या जमिनीखाली ती कच्च्या मातीच्या झाकणाच्या पेटीसह मिळाली. पेटीत शिर असलेली दुसरी स्त्रीमूर्ती होती. सोबत बैलही होता. बैलाच्या पाठीवर व मूर्तीच्या पोटाला छिद्र असल्याने काडीच्या आधाराने मूर्ती बैलावर बसविता येत असे. या मूर्तीला ‘मातृदेवता’ म्हटले गेले आणि तिचे नाते लज्जागौरीशी जोडले गेले. परंतु तेर येथील लज्जागौरीच्या मूर्ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील आहेत. मधल्या हजारांहून अधिक वर्षांची साखळी केवळ शिर नसण्याच्या साम्यावर जुळविता येत नाही. पीटर उको यांनी १९६८ मध्येच ईजिप्त व क्रीट येथील मूर्तींच्या आधारे ‘मातृदेवता’ या सरसकट संज्ञेवर आक्षेप घेतला होता. शिवाय ही मूर्ती भाजलेली नाही. टिकावी म्हणून नव्हे, तर एखाद्या प्रासंगिक विधीपुरती ती घडविली असावी, असे मानणे पुराव्याला अधिक धरून आहे.

मृत्यूविषयीची कल्पना मात्र या मूर्तीत नव्हे, तर कुंभांत व्यक्त झाली आहे. इनामगावी बालकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून निजवीत व त्यांचे पाय घोट्याखाली तोडीत. याला लक्षणीय अपवाद आहे तो पाच खोल्यांच्या एका घराशी निगडित दफनाचा. तेथे सुमारे ८० सेंमी उंचीच्या, कच्च्या मातीच्या, चार पायांच्या कुंभात सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष बसविलेला होता. त्याचे पाय शाबूत होते. कुंभाची एक बाजू मानवी धडासारखी फुगीर आहे. उत्खनकांनी हा पुरुष वसाहतीचा प्रमुख मानला. त्याखालच्या थरात सांगाडा नसलेले असेच कुंभ मिळाले व ते प्रतीकात्मक दफन ठरविले गेले. हा अन्वय मान्य केल्यास पुढील पायरीही मान्य करावी लागते. देह नसतानाही दफन पूर्ण होत असेल, तर कुंभ हे केवळ देहाचे पात्र राहत नाही. तो स्वतःच देह होतो. या अर्थाने इनामगावचे खरे दफनशिल्प हा कुंभच होय.

सापडण्याच्या जागेचे मोल पश्चिम मेक्सिकोच्या उदाहरणावरून ध्यानी येते. हालिस्को, नायारित व कोलिमा येथील खोल विवरांच्या थडग्यांत मृतांसोबत माणसांच्या व कुत्र्यांच्या पोकळ मृण्मूर्ती ठेवीत. त्यांपैकी बहुसंख्य लुटारूंनी काढून विकल्या. त्यामुळे कोणती मूर्ती कोणाजवळ होती, हे कळण्याचा मार्गच बंद झाला. १९९३ मध्ये हुइत्सिलापा येथे अस्पर्शित थडगे मिळाले, तेव्हा हा संबंध प्रत्यक्ष तपासता आला. तेथील मूर्ती देखण्या, परंतु बहुतांशी मुक्या; इनामगावच्या ओबडधोबड, परंतु जागेसह हाती आलेल्या.

बांदा परिसरातील अभ्यासकाला येथे सातेरीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सिंधुदुर्ग व गोव्यात ती वारुळाच्या रूपात पूजिली जाते. मातीचा आकार मुखाविना पूज्य ठरू शकतो, एवढे त्यावरून समजते. इनामगावची मूर्ती सातेरीची पूर्वज होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. साम्य प्रश्न सुचविते. उत्तर उत्खननातील थरांतूनच शोधावे लागते.

सारांश, अध्यापनात ‘इनामगावची मातृदेवता’ हा शब्दप्रयोग सिद्ध निष्कर्ष म्हणून वापरणे टाळावे. ‘घराच्या जमिनीखाली पेटीसह मिळालेली कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती’ हे वर्णन लांबट असले, तरी विद्यार्थ्याच्या हाती ते पुरावा देते. पहिला शब्दप्रयोग केवळ मत देतो.