मराठवाड्यातील ‘सेंगा’ पट्टकृमी : नव्या जाती आणि प्ररूपाचा प्रश्न

गोड्या पाण्यातील माशांच्या आतड्यात राहणारा सेंगा हा पट्टकृमी चपटकृमींच्या संघात मोडतो. ही प्रजाती दॉल्फस यांनी 1934 मध्ये स्थापन केली. जाधव व शिंदे यांनी 1980 मध्ये औरंगाबाद येथील वाम माशातून ‘सेंगा औरंगाबादेन्सिस’ ही जाती वर्णिली. (शहराचे नाव 2023 मध्ये बदलले, जातीचे नाव मात्र प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार तेच राहते.) पुढे पैठण, गोदावरी, महाराष्ट्र यांची नावे धारण करणाऱ्या जातीही आल्या आणि यजमान पुन्हा बहुधा वामच. एकाच खोऱ्यातील एकाच माशात इतक्या जाती खरोखर नांदतात काय?

या जातींचे वेगळेपण मुख्यतः शीर्षावरील आकड्यांच्या व वृषणांच्या संख्येवर उभे आहे. परंतु आकडे हाताळताना गळतात, आणि आकुंचित कृमीचा आकार जिवंत कृमीसारखा राहत नाही. कुख्ता व शोल्झ यांनी 2007 च्या आढाव्यात अनेक भारतीय जातींच्या वैधतेविषयी शंका नोंदविली, ती अनाठायी वाटत नाही.

यजमान व स्थळ यांच्या नोंदींचे मोल यामुळे कमी होत नाही. खरी उणीव प्ररूप नमुन्यांची आहे. विभागाच्या कपाटातील काचपट्टी प्राध्यापकांच्या निवृत्तीनंतर सापडेलच असे नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत जमा केलेल्या प्ररूपाचा नोंदणी क्रमांक संपादकांनी लेख स्वीकारतानाच मागावा. गोदावरीतील वाम माशांचे ताजे नमुने घेऊन डीएनए तपासणीने ही जुनी नावे पारखण्याचे काम एखादा पदव्युत्तर विभागही हाती घेऊ शकेल.