वसंतसेनेवरचा अन्याय

राजकारणातल्या टोपणनावांची साहित्य म्हणून दखल घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तरीही 'वसंतसेना' या शब्दाची समीक्षा व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

दादरच्या शिवाजी पार्कवर ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला मेळावा झाला. मुख्यमंत्री होते काँग्रेसचे वसंतराव नाईक. गिरणगावात लाल बावट्याचा जोर होता. तो मोडावा म्हणून सरकार सेनेकडे कानाडोळा करते, या आरोपातून विरोधकांनी हा शब्द घडवला. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यांची परळची जागा सेनेच्या वामनराव महाडिकांनी जिंकली. आरोपाला आणखी धार आली.

श्लेष चटकदार आहे. पण 'मृच्छकटिक' वाचलेल्याला तो खटकेल. शूद्रकाची वसंतसेना गणिका खरी, पण राजाच्या मेहुण्याचे, शकाराचे, सोने ती परत पाठवते आणि दरिद्री चारुदत्तावर जीव लावते. शकार गळा आवळतो, तरी ती नमत नाही. सत्तेला विकली न गेलेल्या बाईचे नाव सत्तेच्या छुप्या चाकरांना द्यावे, हा तिच्यावर अन्यायच.

दुसरा दोष आम्हाला अधिक गंभीर वाटतो. या शब्दातून चोरट्या भेटीगाठी सूचित होतात. 'वरून भांडतात, आतून एकच' असे म्हणून आपण मोकळे होतो. आपल्या समाजाच्या वाट्याला आले ते मात्र भर उजेडात घडले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली, तेव्हा राज्य काँग्रेसचे होते. श्रीकृष्ण आयोग त्याच सरकारने नेमला. युती सरकारने १९९६ मध्ये तो गुंडाळला, पुन्हा नेमला आणि १९९८ मध्ये त्याचा अहवाल फेटाळला. अंमलबजावणीचे आश्वासन देत १९९९ मध्ये काँग्रेस सत्तेवर परतली. राष्ट्रवादीसह तिने पंधरा वर्षे राज्य केले, पण बहुतेक शिफारशी बासनातच राहिल्या. २०१९ मध्ये त्याच शिवाजी पार्कवर सेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या नेत्यांनी जाहीरपणे एकत्र शपथ घेतली. बेपत्ता माणसांच्या वारसांना भरपाई द्या, हे २०२२ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

यामागे गुप्त करार होता, असे आम्ही म्हणत नाही. त्याची गरजच नव्हती. अहवालात ३१ पोलिसांवर ठपका होता. त्यांना हात लावणे कोणत्याही सरकारला जड गेले असते. पण उघड नकार आणि न पाळलेले वचन एकच नव्हेत. नकाराशी भांडता येते. वचनावर माणूस वर्षानुवर्षे वाट पाहत बसतो. 'सगळे एकच' म्हटले की हा फरक पुसला जातो, आणि वचन देणारा सुटतो.

आपल्या लेखकांनी असल्या शब्दांवर टाळ्या घेण्यापेक्षा कोणी काय कबूल केले आणि काय केले, ते तारीखवार लिहून ठेवावे. बेपत्ता मुलाच्या आईला कोटी नको, जबाब हवा आहे.