पांडूची आई : चूक कोणाची?

मागच्या खेपेला बाबुराव बागुलांच्या ‘आई’ या कथेवर बोलता बोलता वेळ संपली, आणि मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी विचारलं, ‘सर, यात चूक कोणाची?’ आम्ही घाईघाईत ‘समाजव्यवस्थेची’ असं सांगून मोकळे झालो. टाळ्याही पडल्या. घरी जाताना मात्र वाटत राहिलं की हे उत्तर नव्हतं, नुसती सुटका होती. म्हणून आज पुन्हा तीच कथा घेतो.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पांडू हा शाळकरी पोरगा, दलित वस्तीतला. वर्गात आईच्या मायेवरची कविता चाललेली असते. तो हरखून ऐकतो, त्याला त्या कवितेत स्वतःची आई दिसते. आणि मग वर्गातली पोरं तिच्यावरूनच त्याला घाण बोलतात. आई तरुण विधवा, मजुरी करणारी. नवरा क्षयाने गेलेला. होता तेव्हा संशय आणि मारहाण. पोराकडे बघून तिने दिवस काढले, आणि आता ती मुकादमाकडे ओढली गेली आहे. ती नवं लुगडं नेसून घरी येते ते पांडू पाहतो. शेवटी पोरगा अंधारात पळत सुटतो, आणि तिला मुकादमाच्या मिठीतून सुटता येत नाही. एवढीच गोष्ट. इंग्रजीत वाचणाऱ्यांना ती अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या 1992 च्या संग्रहामुळे माहीत झाली.

आता या बाईला वाचण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली वर्गातल्या पोरांची : आई असून अशी वागली. हिच्यावर वेळ घालवायला नको. दुसरी आमच्यासारख्या शिकलेल्यांची : बिचारी परिस्थितीची बळी. ही ऐकायला फार सभ्य वाटते, आणि म्हणूनच जास्त घोटाळा करते. का, ते बघा. बळी म्हटलं की त्या माणसाला स्वतःचं काही हवंसं वाटत होतं, हेच आपण खोडून टाकतो. बागुल तसं करत नाहीत. भूक आहे, गरिबी आहे, मुकादमाच्या हातात तिची रोजी आहे, हे सगळं आहेच. पण त्याच्या जोडीला तिचं तरुण शरीर आहे, कोणीतरी मायेने जवळ घ्यावं ही ओढ आहे. नवं लुगडं तिला आवडलेलं असू शकतं, हे मान्य करायला आम्हाला, खरं सांगतो, बरीच वर्षं लागली. वर्गात शिकवताना आम्ही तिथे नेहमी शोषण हा शब्द वापरून पुढे सरकत असू. शब्द खोटा नव्हता, पण तो उच्चारला की ती बाई खोलीतून नाहीशी व्हायची.

आणि नवरा? त्याला तर कोणी वाचतच नाही. तो कथेत येतो तो मेलेला माणूस म्हणून, तिच्या आठवणीतून, आणि आपण त्याला खलनायकाच्या खुंटीवर टांगून पुढे जातो. पण जरा थांबा. हाही तरुणच होता. छातीचा भाता झालेला, कमावण्याची ताकद संपलेली, आणि समोर देखणी बायको जी आपल्या मागे जगणार हे त्याला दिसतंय. त्याचा संशय म्हणजे निम्मी मरणाची भीती असावी, असं आम्हाला वाटतं. आता लगेच कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही मारहाणीला पाठीशी घालता? नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात पहिल्या वर्षालाच आम्ही सांगत असू की एखादी गोष्ट का घडली हे सांगणं वेगळं आणि ती माफ करणं वेगळं. त्याची भीती समजली म्हणून तिच्या अंगावरचा एकही वळ कमी होत नाही. उलट समजल्यावर तो वळ जास्त दिसतो, कारण तो कुणा राक्षसाने उठवलेला नाही, आपल्यातल्याच एका माणसाने उठवलेला आहे.

ॲरिस्टॉटल शोकांतिकेबद्दल हेच म्हणतो. ज्याच्या वाट्याला त्याने कमावलं नव्हतं असं दुःख येतं त्याची करुणा वाटते, आणि जो आपल्यासारखा असतो त्याच्यामुळे भीती वाटते. ‘बिचारी’ म्हणणारा वाचक करुणेपर्यंत येतो, भीतीपर्यंत येत नाही. ती आपल्यासारखी आहे हे त्याला नको असतं.

इथे ‘श्यामची आई’ आठवणं साहजिक आहे. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. बागुलांचा जन्मही नाशिक परिसरातलाच, 1930 चा. जवळजवळ एकाच मातीतल्या दोन आया! श्यामच्या घरीही आईबाप गांजलेलेच आहेत : सावकाराचं कर्ज, जप्ती, बापाची मान खाली. पण ती सगळी कहाणी मोठा झालेला मुलगा सांगतो, कृतज्ञतेने सांगतो. आईला रात्री एकटीला काय वाटत असेल, ते त्याच्या सांगण्यातून गाळून येतं. बागुल आपल्याला पोराच्याही मनात नेतात आणि आईच्याही. पांडूला जे कधीच कळणार नाही ते आपल्याला कळतं. या कथेची सगळी रचना त्यासाठी आहे, आणि वाचक जर शेवटी पांडूइतकंच कळून बाहेर पडला तर त्याने अर्धीच कथा वाचली. पांडूला दोष नाही. तो लहान आहे, आणि वर्गातल्या कवितेने त्याच्या हातात जी आई दिली तिच्याशी घरातली आई जुळत नाही.

थोडं विषयांतर. मध्यंतरी संध्याकाळच्या लोणावळा लोकलने परतताना समोर एक जोडपं बसलं होतं. बाविशी-तेविशीचं, मांडीवर तान्हं. बाळ रडायचं थांबेना. बापाने मान खिडकीकडे वळवली ती वळवली. पोरीने शेवटी बाळाच्या पाठीत धपाटा घातला. डब्यात ‘काय बाई आया हल्लीच्या’ सुरू झालं. तळेगाव ते वडगाव, म्हणजे काही मिनिटांत, आम्ही त्यांची अख्खी कथा रचून टाकली : घरच्यांशी भांडून केलेलं लग्न, एमआयडीसीत कंत्राटी नोकरी, तीही सुटलेली. वडगावला उतरलो तेव्हा कथा पूर्ण होती आणि त्यातलं एक अक्षरही आम्हाला माहीत नव्हतं. पांडूच्या आईच्या मनात शिरायला बागुलांनी दार उघडून ठेवलंय. त्या पोरीच्या बाबतीत दार बंदच होतं, आणि आम्ही आत जाऊन आल्यासारखे उतरलो. डब्यातल्या बायकांपेक्षा आमची कथा दयाळू होती, एवढाच फरक. विचारलं काही नव्हतं आम्हीही.

तर मागच्या रांगेतल्या गृहस्थांचा प्रश्न. मारहाण नवऱ्याची चूक, तिथे आढेवेढे नकोत. मुकादमाने तिची गरज ओळखून हात टाकला, ती त्याची. आणि जिने हे जगणं तिच्या वाट्याला ठेवलं ती जातव्यवस्था आहेच. मागचं उत्तर खोटं नव्हतं, अपुरं होतं. आईची चूक? तिने पोराला काही सांगितलं नाही. पण सात-आठ इयत्तांच्या आतल्या पोराला आई काय सांगणार होती, आणि कुठल्या शब्दांत? मराठीत त्यासाठी तेव्हा शब्द होते का? आम्ही शोधून पाहिले. शिव्या सापडतात, कविता सापडतात.

पांडू परत आला का, असंही कोणीतरी विचारलं होतं. कथा ते सांगत नाही. बागुल तिला मिठीत अडकलेलीच ठेवून थांबतात.