भोगीची भाजी, पानिपतच्या थंडीत

तीळ भाजत आल्याची वर्दी नाकाआधी कानाला मिळते. कढई तापता तापता एकदोन दाणे उडतात, मग बारीक तडतड सगळीकडे पसरते, आणि नेमकी तेव्हाच आच बंद करावी. जरा रेंगाळलो की खमंगपणा संपून कडवटपणा सुरू होतो. भोगीच्या भाजीचा आस्वाद आपण इथूनच घेऊ लागावे, कारण बाकी सारे जमले आणि तीळ बिघडला, तर उरते ती नुसती मिसळीची भाजी.

देशावर ती रुचकर होतेच. पण पानिपतच्या रणभूमीवरच्या काला अंबच्या परिसरात, तिथल्या बोचऱ्या धुक्यात एखाद्या मराठी स्वयंपाकघरात ती रटरटते तेव्हा तिचा स्वभाव किंचित पालटतो, आणि तो पालट मला फार मोहक वाटतो. तिकडचे हिवाळी गाजर गडद लाल, रसाळ, मुळातच गोड. गुळाचा खडा अर्धाच पुरतो. सोलाणे तिथे ‘छोलिया’ म्हणून सोललेले मिळतात. पावटा न मिळाल्यास सेमेच्या शेंगा मोडून घालाव्यात. आधी भिजवलेले शेंगदाणे आणि सोलाणे, मग गाजर, मग वांगी, अगदी शेवटी बोरे. आणि बोरे आंबट असली, तर चिंचेला त्या दिवशी खुशाल सुट्टी द्यावी.

गोडा मसाला मात्र घरचाच हवा. त्यातले दगडफूल आपण एकदा वेगळे काढून निरखावे: वाळक्या पाचोळ्यासारखे दिसणारे, कोरडे हुंगल्यास मातकट. पण चमचाभर तेलात परतताच त्यातून रानातल्या ओलसर सावलीचा, किंचित धुरकट गंध उमलतो, आणि धने, तीळ, खोबरे, लवंग, दालचिनी या साऱ्यांच्या मेळ्यात तो खर्जातल्या स्वरासारखा तळाशी राहतो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण धने खमंग होईपर्यंत खोबरे करपून जाते. भाजीत हा मसाला बेतानेच पडावा. वांग्याला वांग्याची आणि गाजराला गाजराची चव राहू देण्यातच त्याचे मोठेपण आहे.

बहुतेक वर्षी भोगी १३ जानेवारीला येते, आणि दुसऱ्या दिवशी काला अंबच्या स्मारकापाशी मराठी माणसे जमतात. १७६० च्या नोव्हेंबरपासून याच मुलखात सदाशिवराव भाऊंची मराठा छावणी अहमदशाह अब्दालीसमोर खिळून होती. रसद तुटली, दाणागोटा संपला, आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत फौज १४ जानेवारी १७६१ रोजी बाहेर पडली. हे ठाऊक असल्याने भाजी अधिक चवदार लागते, असे मी म्हणणार नाही. ताट मात्र निपटून घ्यावेसे वाटते.

सोबत तीळ थापलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. बाजरी हरियाणाच्या घराघरांतली, त्यामुळे पीठ ताजे मिळते आणि भाकरी टम्म फुगते. पानिपतचे पचरंगा लोणचे प्रसिद्ध, मलाही प्रिय. पण त्यातले मोहरीचे तेल तिळाच्या सुवासावर कुरघोडी करते, म्हणून भोगीला बरणी बंदच बरी. आणि भाजी थोडी जास्तच करावी: संध्याकाळपर्यंत तिळाचा कूट रस शोषून घेतो, वांग्यात मसाला मुरतो, आणि सकाळी वेगळे जाणवणारे बोराचे आंबटपण तोवर साऱ्या रश्शाचे झालेले असते.