सूर कोणाच्या मालकीचा?

कीर्तीच्या शोधात निघालेल्या तरुण गायकांच्या कथा चित्रपटसृष्टीला नव्या नाहीत. बार्द्रॉय बार्रेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ (२०१४) हा कोकणी संगीतपट त्याच वाटेवरचा. परंतु त्यातील माणसे आपल्या ख्रिस्ती घरांतली आहेत. म्हणून त्याची दखल येथे घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लॉरी हा मुंबईच्या क्लबांतून वाजविणारा गोवेकर वादक, डोना ही त्याने पुढे आणलेली तरुण गायिका. या जोडीमागे ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची छाया आहे. १९६०-७० च्या दशकांतील त्यांची गाणीच कथा पुढे नेतात. पूर्वार्धातील खेळकरपणा मन प्रसन्न करतो. मूळच्या कोकणी नसलेल्या पालोमी घोष यांनी डोना अशी उभी केली आहे की राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा मानही याच कृतीला लाभला.

गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन शिकविले. तेथूनच अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक हिंदी चित्रसंगीतात आले. तबकड्यांवर मात्र त्यांची नावे क्वचितच झळकली. या उपेक्षितांची आठवण हा चित्रपट कृतज्ञतेने जागवितो.

आमचा आक्षेप वेगळा आहे. विवाहित लॉरीवरील प्रेम डोनाला उद्ध्वस्त करते. गाणे सुटते, व्यसन जडते. दिग्दर्शक तिच्या दुःखावर हळुवार फुंकर घालतो. पण लॉरीच्या प्रतिभेने तो स्वतःच इतका भारावला आहे की त्याला जाब विचारावयाचे राहून जाते. ज्याने सूर ओळखला, तो त्या सुराचा धनी होतो काय?

हा प्रश्न आम्हांलाही चुकत नाही. कोराडीत वीजकेंद्राच्या वसाहतीतील एखादी मुलगी मिस्सामध्ये गाते, दूरचित्रवाणीवरील स्पर्धेची स्वप्ने पाहते, आणि ‘हिला आम्ही घडविले’ असे आपण सहज म्हणून जातो. शुभवर्तमानातील दृष्टान्तात चाकरांच्या हाती आलेले धन धन्याचे होते. आपल्याकडे येतो तो केवळ सांभाळ.

दीर्घ मौनानंतर लोर्ना १९९५ मध्ये पुन्हा गाऊ लागल्या, आणि श्रोते त्यांना विसरले नव्हते. पालकांनी मुलांसमवेत हा चित्रपट पाहावा आणि घरी परतल्यावर डोनाविषयी अवश्य बोलावे.