दोन गाण्यांमधला सांधा

साताऱ्याच्या राजपथावर विसर्जन मिरवणुकीतला डॉल्बी ऐकताना कान सहसा गाण्याकडे असतात. डीजेची खरी कारागिरी मात्र दोन गाण्यांच्या सांध्यात असते. एक गाणं मावळत असतं, दुसरं त्याच ठोक्यावर उगवत असतं आणि नाचणाऱ्याचं पाऊल कुठेही अडखळत नाही. हा सांधा तबकडीवर एका तऱ्हेनं जुळतो, सीडीवर दुसऱ्या. दोन्ही शेजारी ठेवून ऐकावेत, इतका त्यांचा पोत निराळा आहे.

टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ साली आला. त्यात पट्टा नाही. मोटर थेट थाळीलाच फिरवते. थाळी आणि तबकडीच्या मध्ये फेल्टची पातळ चकती असते, तिला स्लिपमॅट म्हणतात. डीजे बोटाच्या टोकानं तबकडी थोपवून धरतो, खाली थाळी आपल्या वेगात फिरतच राहते. समेवर बोट उचललं की तबकडी जवळपास त्याच क्षणी वेग घेते. जवळपास, अगदी नव्हे! पहिल्या ठोक्याच्या तोंडाशी कधी कधी एक निसटता ओढा ऐकू येतो, आणि हातानं दिलेली सम ती हीच, हे त्यावरून ओळखता येतं.

सम सापडली तरी लय टिकवावी लागते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा जुळताना ज्यानं ऐकला आहे, त्याला हे काम लगेच उमगेल. आधी खुंटी पिळून तार सुराजवळ आणायची, मग मणी केसभर सरकवून ती नेमकी बसवायची. टर्नटेबलवर खुंटीचं काम पिच स्लायडर करतो. १९७९च्या एमके-टू आवृत्तीत त्यानं वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होतो. मण्याचं काम बोटाकडे. नवं गाणं मागे पडू लागलं तर मधल्या लेबलवर बोट ठेवून ते हलकेच पुढे रेटायचं, पुढे पळू लागलं तर थाळीच्या कडेला बोट टेकवायचं. एका कानावर हेडफोन, दुसऱ्या कानात बाहेरचं गाणं. ठोके दूर असतात तेव्हा एकामागे एक दोन थापा पडतात. जवळ येत येत त्या एकमेकींत शिरतात आणि एकच भरीव ठोका उरतो. तोही फार वेळ टिकत नाही, पुन्हा सांभाळावा लागतो. या सततच्या सांभाळण्यानंच तबकडीवरचा सांधा जिवंत वाटतो.

सुराची गोष्ट आणखी नाजूक. तबकडीवर लय आणि सूर एकाच दोरीला बांधलेले असतात. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं १२७ ठोक्यांच्या गाण्याला जोडायचं, तर वेग जवळजवळ सहा टक्के वाढवावा लागतो. तेवढ्यानं पांढरी दोनचा षड्ज काळी दोनला जाऊन पोचतो, गायकाचा आवाज बारीक होतो. म्हणून कसलेला डीजे गाणी निवडतानाच हिशेब करतो, की चढवलेला सूर बाहेर वाजणाऱ्या गाण्याशी भांडणार तर नाही. ऐकणाऱ्याला दिसतो फक्त मेळ. त्यामागची निवड दिसत नाही, आणि मला तीच सर्वांत देखणी वाटते.

सीडीनं ही दोरी सोडवली. पायोनियरच्या सीडीजे यंत्रांवर मास्टर टेम्पोचं बटण असतं. ते दाबलं की लय बदलते, सूर जागेवर राहतो. यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करून ते पुन्हा सांधत जातं. सनई किंवा गळा असेल तर ही शिवण फारशी कळत नाही. ढोल-ताशात मात्र कान द्यावा: वेग बराच बदललेला असला की थापेची धार बोथट होते, ताशाची काडी पसरट लागते. दोन-तीन टक्क्यांच्या फरकाला मी तरी हे बटण बंदच ठेवलेलं पसंत करतो. तेवढा सूर चढला तर गाण्याला तरतरी येते.

२००१च्या सीडीजे-१०००ची मोठी चकती तबकडीसारखी थोपवता येते, मागेपुढे घासताही येते. आतली सीडी मात्र तिच्याशी बांधलेली नाही. ती आपल्या गतीनं फिरते आणि बोट हलवतं ते यंत्राच्या स्मृतीतला आवाज. सीडीवर एका सेकंदाच्या ७५ चौकटी असतात. त्यांच्या आधारानं सम एकदा नेमून ठेवली की दरवेळी तिथूनच, ओढ्याशिवाय, स्वच्छ उगवते. तबकडीवर हीच जागा डोळ्यांनी शोधावी लागते: भरगच्च वाजणारा भाग उजळ दिसतो, शांत भाग गडद. प्रकाशात तबकडी तिरकी धरून गाणं वाचणारा डीजे पाहणं हा वेगळाच आनंद.

आपल्या मिरवणुकीला मात्र सीडीच मानवली, याचं कारण पदार्थविज्ञानात आहे. ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी असते आणि तबकडीची सुई मुळातच थरथर टिपण्यासाठी बनवलेली. खालच्या पट्टीतला बेस थाळीतून सुईत शिरला, की तोच पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि घुमत वाढत जातो. वर खड्ड्यांचे धक्के वेगळे. सीडीचा किरण चकतीला टेकतच नाही, आणि क्षणभर वाचन चुकलं तरी स्मृतीत साठवलेला आवाज वेळ निभावून नेतो. त्यामुळे डीजेचा हात मोकळा होतो, तो मिक्सरकडे वळतो. तिथे त्याची सफाई ऐकावी: नवं गाणं आत घेताना त्याचा बेस तो पूर्ण कापून ठेवतो, वरचे स्वर तेवढे झिरपू देतो, आणि बरोबर समेवर जुन्याचा बेस उतरवून नव्याचा चढवतो. दोन बेस एकत्र आले असते तर नुसता गडगडाट झाला असता.