२३ गोष्टींत न बसलेली गोष्ट

२००६ साली अमेरिकेतील शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलीन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी ‘२३ गोष्टी’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम आखला: ब्लॉग, विकी, फ्लिकर, डिलिशस. ज्याने त्याने सवडीने करून पाहायचे. पद्धत उत्तमच, साधने मात्र अल्पायुषी, डिलिशस तर केव्हाच मिटले. टिकण्याजोगी कल्पना एकच: पुस्तकाला विषयनाम वाचकानेही द्यावे.

डहाणू-तलासरीत तिचे मोल अधिक. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ इथल्याच वारल्यांच्या लढ्याचे. ग्रंथपाल ते ‘आठवणी’ किंवा ‘शेतकरी चळवळ’ म्हणून लावील. इथला वाचक ‘वेठ’ लिहील, ‘लग्नगडी’ लिहील, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणारा. ग्रंथालयाचे फेसबुक-पान उघडता येणे त्यापुढे किरकोळच. आणि वारलीतला उच्चार देवनागरीत कसा उतरवावा, हे त्या २३ गोष्टींत नव्हते.